पांढऱ्या दगडापलीकडची डबकी

धरणावरची सगळी माणसं त्याला भागूबाई म्हणत. चांगला सत्तावन्न वर्षांचा, झुपकेदार मिशांचा, उंचापुरा गडी, पण नाव पडलं ते पडलंच. नोकरीच्या तिसऱ्या दिवशी भोंग्याची चाचणी होती. चाचणी आहे हे आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, ह्यालाही सांगितलं होतं. तरी भोंगा वाजला आणि हा पठ्ठ्या नदीच्या पात्रातून असा सुटला की एक गमबूट चिखलातच राहिला. एका पायात बूट आणि एका पायात ओला मोजा अशा थाटात तो काठावर पोचला तेव्हा कुणीतरी म्हणालं, आली बघा भित्री भागूबाई. त्यातलं 'भित्री' पुढे गळून गेलं, कारण ते वेगळं सांगायची गरज उरली नाही.

त्याचं काम होतं मासे मोजण्याचं. हे ऐकून पाहुणेरावळे हसत, आणि मासे मोजायलाही पगार मिळतो का असं विचारत. मिळतो. धरणाची वीज बनवणारी मशीनं संध्याकाळपासून सकाळी नऊपर्यंत चालायची आणि तोवर खालची नदी काठोकाठ वाहायची. नऊला मशीनं बंद झाली की नदी उतरायची. पाण्याबरोबर मासे उतरले तर ठीक, नाहीतर ते खडकांमधल्या खळग्यांत अडकून पडायचे आणि चार वाजता पुन्हा पाणी येईपर्यंत उन्हात तापायचे. धरणाखाली अशी अकरा डबकी ठरवून दिली होती. प्रत्येकाच्या कडेला रंगाने नंबर घातलेला. रोज साडेदहाला पात्रात उतरायचं, कुठल्या डबक्यात कुठले मासे किती अडकले, त्यातले मेले किती, हे कागदावर लिहायचं, जिवंत असतील ते बादलीने धारेत सोडायचे आणि साडेतीनच्या भोंग्याआधी काठ गाठायचा. सगळ्यात बारीक लक्ष ठेवायचं ते मिशाळ नावाच्या माशावर. सोनेरी पोटाचा आणि ओठांशी चार मिशा असलेला हा मासा ह्याच नदीचा, कुणी बाहेरून आणून सोडलेला नव्हता. तो कमी होत चाललाय असं जाणकार म्हणत होते, आणि त्यात धरणाचा हात किती हे भागूबाईच्या कागदांवरून ठरणार होतं. त्याच्या मिशांकडे बघून लोक म्हणत, हा आपल्या भाऊबंदांची शिरगणती करतो.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा ह्याच्यापाठी कायम कोणीतरी लागलेला असायचा. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघायचं, कुलूप तीनदा ओढायचं. रस्ता ओलांडताना उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. एकुलत्या एका लेकीचं शाळेचं दप्तरही तीनदा तपासलं जायचं, आणि ती सवय तिलाही लागली. बायको म्हणायची, "यमदूत दारात आला तरी हे आधी त्याचं ओळखपत्र बघतील." पात्रात उतरण्याआधी तो कंट्रोल रूमला फोन करून मशीनं बंद आहेत ना असं विचारायचा, मग तेच काठावरच्या पहारेकऱ्याला विचारायचा, आणि मग स्वतः वळून धरणाच्या दारांकडे बघायचा. हा पहारेकरी गळ्यात शिट्टी अडकवून दिवसभर काठावर बसलेला असे, त्यामुळे त्याचं नाव शिट्टीवाला. रोज तोच प्रश्न ऐकून तो रोज तेच उत्तर द्यायचा: "बंद आहेत, राव. मी काय तुझा वैरी आहे?"

पण भागूबाई नेहमीच इतका घाबरट होता असं नाही. भोंग्याला दचकायचा तेवढंच. बाकी सगळी भीती एका दिवशी आली, आणि आली ती राहायलाच.

त्याला मोजणी शिकवली ती मास्तरने. मास्तर म्हणजे त्याच्या आधीचा मोजणीवाला, हडकुळा, तोंडाने फटकळ. त्याचे नियम दोनच. दहा मासे झाले की एक खडा उचलून डाव्या खिशात टाकायचा, म्हणजे मध्येच लक्ष उडालं तरी हिशेब चुकत नाही. आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. डबक्यात मासा नसेल तर शून्य. डबक्यापर्यंत जाता आलं नाही तर फुली. "शून्य म्हणजे तू बघितलंस आणि नव्हतं," तो म्हणायचा, "आणि फुली म्हणजे तू बघितलंच नाहीस. ह्या दोघांची गल्लत करशील तर घरी बस."

अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी मास्तर नऊ नंबरच्या डबक्यात वाकून मोजत होता आणि भागूबाई सहा नंबरला होता. कुठेतरी दूरच्या वीजकेंद्रात बिघाड झाला, इथलं मशीन अवेळी सुरू केलं गेलं, आणि भोंगा वाजला तो पाण्याच्या बरोबरीनेच. भागूबाईने हाक मारली. मास्तरने मान वर केली नाही, फक्त एक हात उंच केला. थांब, थोडेच राहिलेत, असा तो हात होता. भागूबाई काठाच्या झुडपांना धरून वर चढला आणि वळून बघितलं तेव्हा नऊ नंबरच्या जागी तपकिरी पाणी होतं. तिसऱ्या दिवशी मास्तर खालच्या पुलाशी सापडला. त्याच्या डाव्या खिशाचं बटण लावलेलं होतं आणि आत सात खडे होते. ते खडे पोलिसांनी टाकून दिले. त्यांचा अर्थ तिथे फक्त भागूबाईला कळत होता.

त्यानंतर चौकशी झाली, नियम बदलले, भोंग्यानंतर वीस मिनिटं थांबूनच पाणी सोडायचं ठरलं. पण सहा आणि सात नंबरच्या मध्ये एक मोठा पांढरा दगड होता. त्याच्यापुढे पात्र खोल होत जातं आणि काठ चांगला दीडशे पावलं लांब राहतो. भागूबाईचे पाय त्या दगडाशी थांबले ते थांबले. त्याने प्रामाणिकपणे सात ते अकरा ह्या रकान्यांत फुल्या मारल्या. ऑफिसातून कागद परत आला: फुली चालत नाही, आकडा लिहा. त्याने पुन्हा फुल्या मारल्या, कागद पुन्हा परत आला, आणि ह्या वेळी सोबत साहेबांची चिठ्ठी होती की जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो. तिसऱ्या दिवशी भागूबाईने पाच शून्यं काढली. कागद परत आला नाही. सुंठीवाचून खोकला गेला असं त्याला त्या दिवशी वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी शून्य काढायला हात तितकासा जड झाला नाही. माणूस असाच बिघडतो, मोठं पाप करायला त्याला कधी वेळच मिळत नाही.

ती डबकी रिकामी नाहीत हे त्याला ठाऊक होतं. सात खड्यांवरून तर होतंच, पण रोज दुपारी पांढऱ्या दगडापलीकडे बगळे उतरायचे. ओळीने बसायचे, आरामात. रिकाम्या ताटावर कोण बसून राहतं? तो बगळ्यांकडे पाठ करून आपली सहा डबकी इतकी चोख मोजायचा की साहेब इतरांना त्याचे कागद दाखवायचे.

लेक शिकली, इंजिनियर झाली, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच धरणाच्या कंट्रोल रूममध्ये लागली. शिफ्टला बसली की प्रत्येक बटण दाबायच्या आधी पडद्याकडे तीनदा बघायची. तिथले लोक तिला भागूबाईची भागूताई म्हणत, आणि ती हसून घ्यायची. बापाचा तिला भारी अभिमान. तो ज्या अंगाने स्वतःला ओळखत होता त्यापेक्षा चांगल्या अंगाने ती त्याला ओळखत होती, आणि हीच त्याची सगळ्यात मोठी अडचण होती.

एका गुरुवारी जेवताना तिने बातमी सांगितली. मशीनं बंद करायला आत्तापर्यंत दीड तास लागायचा, पाणी हळूहळू उतरवायचं म्हणून. आता ती आठ मिनिटांत बंद करून पाणी वाचवायची योजना होती, आणि योजनेचा अहवाल तिने लिहिला होता. सोमवारी चाचणी. सोमवारची मोजणी नेहमीसारखी आली की नियम कायमचा. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "वरच्या लोकांना माशांची धास्ती होती. मी तुमचे कागद काढून दाखवले, बाबा. शेवटच्या पाच डबक्यांत अठरा वर्षांत एक मासा अडकलेला नाही. एकही नाही."

भागूबाईने हातातला घास परत ताटात ठेवला. बायकोने आणखी भाजी वाढली, लेक पुढे जेवत राहिली. त्याला जे कळलं ते त्या दोघींना कळणं शक्य नव्हतं. घरातले दिवे एकेक करून मालवले तर माणूस चाचपडत दारापर्यंत जातो. सगळे एकदम मालवले तर जिथल्या तिथे ठेचकाळतो. मिशाळचं तेच होणार होतं, आणि रोज होणार होतं. त्याच्या शून्यांच्या जोरावर होणार होतं, आणि खाली सही लेकीची असणार होती.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना त्याने हळूच विचारलं की पाणी जरा सावकाश नाही का उतरवता येणार. ती म्हणाली, सावकाश कशासाठी, आकडे समोर आहेत. शनिवारी तो ऑफिसात गेला आणि जुने कागद बघायला मागितले. कारकून हसला, निवृत्तीआधी आठवणी काढतोस का म्हणाला, आणि गठ्ठे टेबलावर ठेवून गेला. भागूबाई वर्षामागून वर्ष उलटत राहिला. आपलंच वळणदार अक्षर, आपलीच गोल गरगरीत शून्यं, एका ओळीत पाच. एकाही शून्याला हात थरथरल्याची खूण नव्हती. रविवारी त्याने बायकोला सांगायचं ठरवलं आणि तिने तोंडाकडे बघून विचारलं की बरं नाही का, तेव्हा तो हो म्हणाला आणि पांघरूण ओढून पडून राहिला.

आजवर त्याला भीती वाटायची ती पाण्याची. पाण्याची भीती सोपी असते. लांब राहिलं की झालं. पण लेक रोज समोर बसून जेवते, आणि एक दिवस ती त्याच्याकडे अशी बघेल की जणू हा कुणी दुसराच माणूस घरात शिरलाय, ह्या भीतीपासून पळायला काठ कुठला? गप्प बसलं तर ते कधीच होणार नव्हतं. सात नंबरला कोणी जात नव्हतं, बगळे काही अहवाल लिहीत नव्हते. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. हा विचार आला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

सोमवारी नऊला मशीनं बंद झाली. आठ मिनिटांत नदीचा आवाज गेला. इतकी वर्षं तो आवाज हळूहळू विरताना त्याने ऐकला होता, आज कुणीतरी तोंड दाबल्यासारखा तो थांबला. साडेदहाला त्याने कंट्रोल रूमला फोन केला, शिट्टीवाल्याला विचारलं, दारांकडे बघितलं. पहिली सहा डबकी मोजली. रोजच्या तिप्पट मासे होते. मग तो पांढऱ्या दगडाशी आला आणि थांबला, आणि थांबूनच राहिला. एक पाय उचलावा तर दुसरा साथ देईना. काठावरून शिट्टीवाला बघत होता. गेली अठरा वर्षं त्याने सगळं पाहिलं होतं आणि कधी कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. भागूबाईने दगडाला वळसा घातला तेव्हा तो उभा राहिला आणि त्याने विचारलं, "आज तिकडे कुठे, राव?" भागूबाई पुढे चालत राहिला.

सात नंबर लांबूनच हलताना दिसत होता. गुडघाभर पाण्यात मिशाळ एकमेकांवर चढत होते, कडेचे आडवे पडून श्वास ओढत होते. त्याने मोजायला सुरुवात केली. दहा, एक खडा. वीस, दुसरा. प्रत्येक खड्याला तो मान वळवून दारांकडे बघत होता, मग आकडा विसरत होता, मग खिशात हात घालून खडे चाचपत होता. सातमध्ये एक्केचाळीस. आठमध्ये अठ्ठावन्न, त्यातले बारा मेलेले. बादलीने जेवढे उचलता आले तेवढे धारेत सोडले. धार आता हातभर रुंद उरली होती. ऊन डोक्यावर आलं, अंगातून घाम निथळत होता आणि दात मात्र थंडीत वाजावेत तसे वाजत होते. काठ इतका लांब दिसत होता की शिट्टीवाला बोटाएवढा झाला होता.

नऊ नंबरला तो वाकला आणि त्याला मास्तरचा हात आठवला. तो तसाच वाकून मोजत राहिला. नऊ नंबरचा सातवा खडा खिशात पडला तेव्हा डबक्यात अजून निम्मे शिल्लक होते. आणि तेवढ्यात गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतला फोन वाजला. लेकीचा होता.

"बाबा, तुम्ही नऊ नंबरला आहात," ती म्हणाली. "चाचणीसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात दिसताय मला. वरून फोन आलाय, विजेची मागणी वाढलीय, मशीन आत्ताच सुरू करा म्हणतायत. भोंगा द्यायच्या आधी पडदा बघितला म्हणून तुम्ही दिसलात. तिथून बाहेर पडायला किती वेळ लागतो?"

भागूबाई म्हणाला, "माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? अठरा वर्षं तुम्ही तिथे जाताय."

फोन कानाला घट्ट धरून त्याने धरणाच्या दारांकडे बघितलं. खोटं बोलायला अजूनही जागा होती. वीस मिनिटं म्हणाला असता तरी तिने मानलं असतं. पायाशी एक मिशाळ आडवा पडून ओठ उघडझाप करत होता.

"मास्तर गेल्यापासून मी आज पहिल्यांदा इथे आलोय," तो म्हणाला.

मग तिने विचारलं, "आणि ती शून्यं?"

"ती शून्यं नाहीत. त्या फुल्या आहेत. मी बघितलंच नाही कधी. मला भीती वाटायची."

तिच्या मागे दुसरा फोन वाजत होता, तो तिने उचलला. भागूबाईला तिचा आवाज लांबून ऐकू येत होता: नाही सर, पात्रात माणूस आहे. नाही सर, माणूस काठावर आल्याशिवाय मी भोंगासुद्धा देणार नाही. लिहून देते. मग ती परत आली, आणि तिचा आवाज ऑफिसातल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसा होता.

"वेळापत्रकाप्रमाणे साडेतीनपर्यंत पात्र तुमचं आहे. मी लिहून घेते. सात नंबर?"

"एक्केचाळीस."

"आठ?"

"अठ्ठावन्न. बारा मेलेले."

"नऊ?"

"मोजतोय."

"मोजा," ती म्हणाली. "मी थांबते."

तिने फोन ठेवला नाही. तो मोठ्याने मोजत राहिला आणि पलीकडून तिचा श्वास तेवढा येत राहिला. नऊ नंबरला एकशे तेहेतीस झाले. दहाला सव्वीस. खडे भरून विजारीचा डावा खिसा ओघळला होता आणि एका हाताने कंबर धरून तो उभा होता. पुढे एक खोल चर होता, काळं पाणी साठलेला, आणि त्याच्या पलीकडे अकरा नंबर. चरात उतरलं की धरणाची दारं दिसत नाहीत. तो चराच्या कडेला आला. एक पाय खाली घातला, परत घेतला. पुन्हा घातला, पुन्हा घेतला. पलीकडे चार बगळे उतरलेले होते.

"अकरा?" लेकीने विचारलं.

"नाही जमणार," भागूबाई म्हणाला. "पाय उचलत नाही. भीती वाटते मला."

"मग फुली," ती म्हणाली, आणि कागदावर पेनाच्या दोन रेघा ओढल्याचं त्याला ऐकू आलं. "आता बाहेर या. संध्याकाळी मागचे सगळे कागद घेऊन बसायचंय. एकेक शून्य खोडायचंय, आणि ते तुम्ही तुमच्या हाताने खोडायचंय."

फोन बंद झाला. भोंग्याच्या नुसत्या कल्पनेने पळत सुटणारा हा माणूस त्या दिवशी पात्रातून बाहेर पडायला इतका वेळ लावत होता की शिट्टीवाल्याला दोनदा शिट्टी फुंकावी लागली.